परत न आलेलं पत्र

इंग्रजीचे मास्तर शिस्तीचे पक्के. लेक वसतिगृहात शिकायला गेली तेव्हा त्यांनी बजावलं, "पत्र इंग्रजीतच लिहायचं." ती लिहायची. आठवड्याभरात तेच पत्र लाल शाईत न्हाऊन, दहापैकी गुण घेऊन परत यायचं. मैत्रिणींना घरून खाऊ यायचा, हिला पाच गुण! सातच्या वर मास्तरांचा हात कधी गेला नाही. एक चूक तर तिला जन्माची चिकटलेली. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी जी आधी घडली तिला 'हॅड' लावायचं, ते ती हमखास विसरायची. "घाईताई, आधी काय घडलं ते वाचणाऱ्याला कळू दे," असं दर वेळी समासात लिहिलेलं असायचं.

आज त्या लाल शाईची तिला फार आठवण येत होती. मास्तरांची नजर अधू झाली होती. त्यांना आपल्या घरी न्यायला ती आली होती आणि त्यांची पुस्तकं खोक्यात भरत होती.

एकच पत्र कधी परत आलं नव्हतं. तिच्या शेवटच्या परीक्षेत आई गेली आणि मास्तरांनी पेपर संपेपर्यंत कळवलंच नाही. तिने रागाच्या भरात नाही नाही ते लिहून टाकलं. मग महिनाभर टपालाची वाट पाहिली. बाबांनी आपलं नाव टाकलं, असंच तिने धरलं. त्यानंतर तिने इंग्रजीत पत्र लिहिलं नाही. खुशालीच्या दोन ओळी, त्याही मराठीत. तीस वर्षं दोघांनीही तो विषय काढला नाही.

जाडजूड शब्दकोश उचलला आणि त्यातून तेच पत्र खाली पडलं. तिने घडी उलगडली. पानभर चुकांचा सडा, 'हॅड'चा कुठे पत्ता नाही. पण लाल शाईची एकही रेघ नव्हती. फक्त खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, दहापैकी दहा.

"बाबा, याला दहा कसे दिलेत? एकही हॅड नाही यात."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांना तो वाचावा लागला नाही.

"नसू दे. ती आधी गेली, मी नंतर सांगितलं. कळलं मला. पेन घेऊन बसलो, पण हातच चालेना. आईचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही मी तुला."

ती खोक्यावर बसून लहान मुलीसारखी रडली. मास्तरांनी चाचपडत पत्राची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"घे, घाईताई. परत पाठवायचं राहून गेलं होतं."