बाबांच्या खिशातली किल्ली

मी किल्ली आहे, हे मला सांगावं लागतं. कारण दिसायला मी नुसतं एक काळं प्लॅस्टिकचं कार्ड. ना दात, ना छल्ल्यात खुळखुळायची सोय. पण दोन दारांमधल्या खांबाला मला टेकवलं, की विजेवर चालणारी एक पांढरी गाडी आपले आरसे उघडते, दिवे मिचकावते आणि दार मोकळं करते. पुन्हा टेकवलं, की बंद.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कुणाचीच नव्हते. गाडी घरी आली त्या दिवशी मुलीनं गाडीच्या पडद्यावर माझी नोंद केली आणि नाव घातलं, ‘बाबा’. तेव्हा कुठे मी किल्ली झाले. ती स्वतः फोन वापरायची. फोन पर्समध्ये असला की गाडी तिला ओळखे आणि ती लांब गेली की आपसूक लॉक होई. बाबांना हे मुळीच पटत नसे.

“कुलूप आपल्या हातानं लावावं. तेव्हा ते लागलं म्हणायचं,” ते म्हणत.

मला टेकवून ते चार पावलं जात, परत येत, दार ओढून बघत. असं करणारे ते एकटेच नाहीत. माणसांचा कुलपावर विश्वास असतो, ते लावणाऱ्या हातावर नसतो.

बाबांनी उभं आयुष्य रुग्णवाहिका चालवली होती. इस्पितळात त्यांना सगळे सायरनकाका म्हणत. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आल्यागेल्या सगळ्यांचे डोळे तिनं तपासले, बापाचे तेवढे राहिले.

“बाबा, एकदा येऊन बसा ना खुर्चीवर.”

“मला लांबची पाटी तुझ्याआधी वाचता येते.”

ती हसून सोडून देई. फार ताणून धरत नसे.

मग एका दुपारी, दुकानांच्या रांगेसमोर वळताना, गाडीचा धक्का एका सायकलवाल्या बाईला लागला. बाई पडली, कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. बाबा उतरले, तिला उठवलं, सायकल सरळ करून दिली. पण घरी येईपर्यंत त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं. “अचानक आली हो. कुठून आली तेच कळलं नाही.” त्या गडबडीत मला ते गाडीतच विसरले. असं ते कधी करत नसत.

संध्याकाळी मुलगी एकटीच गाडीत येऊन बसली. गाडीला चहूबाजूंनी कॅमेरे आहेत आणि त्यांना कानाडोळा करता येत नाही. तिनं पडद्यावर चित्रण लावलं. बाई अचानक आली नव्हती. रस्त्याच्या कडेनं, लाल ओढणी घालून, चांगली लांबून येताना दिसत होती. गाडीचा वेग जराही कमी झाला नव्हता. मुलीनं ते पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा.

मग तिनं पडद्यावरून माझं नाव पुसून टाकलं, मला उचललं आणि वर नेऊन बाबांच्या पाकिटात ठेवलं. 

सकाळी बाबांनी मला खांबाला टेकवलं. गाडी ढिम्म. त्यांनी मला सदऱ्यावर पुसलं, फुंकर मारली, पुन्हा टेकवलं. मी काय करणार? मी आता नुसतं प्लॅस्टिक होते. मुलगी गॅलरीतून बघत होती. ती धावतच खाली आली.

“कार्ड खराब झालं असेल, बाबा. नवीन मागवते.”

“बरं,” बाबा म्हणाले.

त्यानंतर रोज जेवताना ते विचारत, “आलं का गं कार्ड?” आणि ती ताटातून मान न उचलता म्हणे, “येईल.” खोटं एकदा बोलणं सोपं. रोज ते निभावून नेताना तिचं जेवण कमी होत गेलं.

एके दिवशी बाबा चालत तिच्या दुकानात गेले आणि थेट तपासणीच्या खुर्चीत बसले.

“कार्ड येईपर्यंत डोळे तरी तपास.”

तिथे एक पांढरं, वाडग्यासारखं यंत्र आहे. हनुवटी टेकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी खिशात होते. मला नुसता आवाज येत होता. टक्. टक्टक्. मग बराच वेळ काही नाही. मग एक टक्. मग पुन्हा शांतता. यंत्र दिवे लावत होतं, मुलीला ते शेजारच्या पडद्यावर दिसत होते आणि बाबांचा अंगठा बटणावर तसाच होता.

“किती गेले?” शेवटी त्यांनी विचारलं.

“कडेचे पुष्कळ. काचबिंदू वाटतोय. मोठ्या डॉक्टरांना दाखवू. आहे तेवढं औषधानं टिकतं, बाबा.”

“आणि गेलेलं?”

“ते परत येत नाही.”

“कार्ड खराब नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“मग सरळ सांगायचं. मी काय रागावलो असतो?”

“रागावला असतात तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “तुम्ही ‘बरं’ म्हणाला असतात. तेच मला बघवलं नसतं.”

बाबांनी बटण खाली ठेवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खरोखरच म्हणाले, “बरं.” मग दोघंही हसली, आणि तिनं रुमाल शोधला.

त्याच संध्याकाळी तिनं माझी नोंद पुन्हा केली. मात्र गाडीला आता एक गुप्त आकडाही घातला. मी दार उघडू शकते, लावू शकते. पण पडद्यावर आकडा टाकल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. बाबा दुपारी येतात, दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसून रेडिओ ऐकतात, काच पुसतात. माझ्या कडा झिजल्यात, अक्षरं उडालीत. तक्रार नाही.

फक्त एक सांगणं. तुमच्या घरात कुणाच्या हातून किल्ली काढून घ्यायची वेळ आली, तर आधी त्या माणसाशी बोला. किल्ली मुकी करून भागत नाही.

आकडा घातला त्या दिवशी मुलगी म्हणाली होती, “बाबा, तुम्हालाही सांगून ठेवते. वेळप्रसंगी लागला तर.”

“नको,” बाबा म्हणाले. “डोळे अधू झालेत माझे. कान चांगले शाबूत आहेत. एकदा ऐकलं तर विसरणार नाही.”