खुर्च्या आणि खटके

मालवाहू विमानांच्या त्या हँगरमध्ये दुरुस्तीप्रमुखांना सगळे झटपटराव म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि एखादी पदवी मिळाल्यासारखे ते त्यावर खूश होते. इतरांना दिवस लागेल ते काम ते दुपारच्या आत उरकत. कसं, ते विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्या सकाळी त्यांच्या अंगात जरा जास्तच वारं शिरलं होतं. कामाच्या वेगाबद्दल कंपनीचे मोठे साहेब जातीने येऊन त्यांचा सत्कार करणार होते. फिटर एका विमानाच्या इंजिनाचं तेल तपासून झाकण लावत होता. तेवढ्यात झटपटरावांची हाक आली, "अहो, ते राहू द्या! आधी खुर्च्या मांडा. साहेब पोचतायत."

"झाकणाचे खटके लावायचेत अजून. खालच्या अंगाला आहेत, आडवं पडून लावावे लागतात."

"मी बघतो हो. तुम्ही खुर्च्या बघा."

झटपटरावांनी बघितलं. उभ्याउभ्या बघितलं. झाकण जागच्या जागी दिसत होतं, छान चकाकतही होतं. नव्या सुटात जमिनीवर लोळायला ते काय वेडे होते?

विमान नेणारी पायलट त्यांची सख्खी भाची. तिने चढताचढता विचारलं, "मामा, सगळं ठीक ना?"

"मी असताना काळजी कसली तुला!"

विमानात कोंबडीची पिल्लं होती, खोकीच्या खोकी. ती घेऊन विमान उडालं. इकडे मोठे साहेब "वेग म्हणजेच विश्वास" असं म्हणतात न म्हणतात तोच आभाळात धडाम आवाज झाला. झाकण सुटून पंखावर आपटलं होतं आणि जाताजाता इंधनाची नळी फाडून गेलं होतं. इंजिनाने पेट घेतला.

सगळे धावपट्टीकडे पळाले. झटपटराव, हातात गुच्छ, सगळ्यांत मागे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे पाय उचलत नव्हते. बहिणीला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

भाचीने ते इंजिन बंद केलं, आग विझवली आणि उरलेल्या इंजिनावर विमान खाली आणलं. ती उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक होता. ती जिवंत आहे हे दिसताच झटपटरावांची जीभ मात्र लगेच चालू झाली.

"पक्षी! पक्षी आदळला असणार!"

मोठ्या साहेबांनी लगबगीने मान डोलावली. पक्ष्याला जाब विचारता येत नाही, ही केवढी सोय!

"मामा," भाची म्हणाली, "पक्षी होते ते आत होते. सगळे धडधाकट आहेत. खटके लावले होतेत का?"

"अगं, वरच्या हवेच्या दाबाने..."

"लावले होतेत का?"

उत्तर फिटरने दिलं. सगळ्यांदेखत, आपण खुर्च्या मांडत होतो हेही सांगून. मोठ्या साहेबांना एकाएकी आठवलं, की वेगाचा आग्रह आपला कधीच नव्हता. संध्याकाळपर्यंत झटपटराव घरी बसले.

बहिणीने फोनवर एवढंच म्हटलं, "दादा, माझी पोर होती रे त्यात. एकदा वाकायचं होतंस."

काही महिन्यांनी त्यांना उंच इमारतींच्या लिफ्ट सांभाळणाऱ्या कंपनीने घेतलं. कामाचा उरक बघून, म्हणे. बहिणीची इमारतही त्याच कंपनीकडे आहे. बहीण नवव्या मजल्यावर राहते आणि हल्ली जिना चढते.