थंड पाण्यातली पाती

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी थंड पाण्याच्या वाडग्यातून बोटभर लांबीची, कागदासारखी पातळ काळी पाती काढली, पुसली आणि एका विधुराच्या तळहातावर ठेवली. तिची दोन्ही टोकं हळूहळू वर आली.

"टोकं वर म्हणजे 'हो'! मधे कुबड म्हणजे 'नाही'. गेलेलं माणूस खोटं बोलत नाही, मंडळी. खोटं बोलायला जीभ लागते!"

हशा पिकला. मग हुंदके.

आईची पाळी आली. माझे वडील, अप्पा, नुकतेच गेले होते. मागच्या बैठकीत पाती 'नाही' म्हणाल्यापासून आईने हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. अर्ध्या जिन्यात तिला धाप लागायची. पुन्हा एकदा विचार, एवढंच मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"अहो, गोळ्या घेऊ का?" तिने पातीला विचारलं, अप्पांना विचारायची तसंच.

पातीला कुबड आलं.

"आता पाण्यात बुडवून उलटी ठेवा," मी म्हणाले.

"ताई, आत्म्याची उलटतपासणी?"

"माझे वडील आहेत. त्यांना सवय होती."

महाराज हलेनात, तेव्हा मीच ती बुडवून आईच्या हातावर उलटी ठेवली. टोकं वर आली. तोच प्रश्न, तोच हात, आणि उत्तर 'हो'. मग मी ती चहाच्या गरम कपावर टेकवली. ती आणखीच वाकली.

"कपात कोण वारलंय?" मागून कोणीतरी विचारलं.

मी किल्लीने तिचा काळा रंग खरवडला. एक बाजू पिवळी, दुसरी रुपेरी. अप्पा अशाच पट्ट्यांच्या कारखान्यात कामाला होते. एक पत्रा पितळेचा, दुसरा निकेल मिसळलेल्या पोलादाचा; दोन्ही घासून स्वच्छ करायचे, एकावर एक ठेवायचे आणि न तापवता जड रोलरमधून चेपून काढायचे. पत्रे पसरतात, वरचा कडक थर तडकतो, भेगांतून आतला ताजा धातू येतो आणि समोरच्याला कायमचा धरतो. ऊब लागली की पितळ फुगतं, पोलाद जवळजवळ नाहीच. सुटता येत नाही, म्हणून दोघं वाकतात. पितळ खाली असेल तर टोकं वर, पितळ वर असेल तर कुबड. गार पाण्यात पाती पुन्हा सरळ होते, वाडगा एवढ्यासाठीच. इस्त्री आपोआप बंद होते तीही अशाच पट्टीमुळे.

"अविश्वासापुढे शक्ती टिकत नाही," महाराज पुटपुटले आणि त्यांनी वाडगा झाकला.

घराच्या जिन्यात आई थांबली. "उलटी ठेवल्यावर 'हो' म्हणाले ना? मग घेते गोळ्या. आधी मलाच नीट कळलं नसेल."

मान डोलावली असती तर काम झालं असतं. पण उद्या दुसरा कोणी दुसरी पाती आणेल.

"आई, ते काहीच म्हणाले नाहीत. दोन्ही वेळा. ती तुझ्या हाताची ऊब होती."

"म्हणजे आता कधीच…"

"कधीच नाही."

ती पायरीवर बसली. "मग कोणाचं ऐकू?"

"कोणाचंच नको. महाराजांचं नको, माझंही नको. डॉक्टरांनी काय तपासलं ते विचार, पटेपर्यंत विचार. आणि गोळ्या बंद केल्यापासून स्वतःच्या पायांना कशी सूज आलीये ते बघ."

आईने घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"दे," ती म्हणाली.