मागच्या पाटीचा पत्रा

सूनबाईच्या हातात झाडू होता आणि डोक्यात दुपारचा स्वयंपाक. बोटींच्या शेडमध्ये कापकाम झालं की अॅल्युमिनियमचे तुकडे गोळा करायचे, कामाचे एकीकडे, भंगारात जायचे दुसरीकडे, हे तिचं ठरलेलं काम. आज शेड ओकीबोकी दिसत होती, कारण मधोमध ठाण मांडून बसलेली नवी बोट सकाळीच ट्रॉलीवर चढून धक्क्याकडे गेली होती. तिच्या नवऱ्याची बोट. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने मुलाला बांधून दिलेली.

आता ही काही साधीसुधी गोष्ट नव्हे. दोन वर्षं हे बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. ते म्हणाले, शेडमध्ये ये, धंदा सांभाळ. मुलगा म्हणाला, जन्मभर पत्रे ठोकत बसणं मला जमायचं नाही, मी समुद्रावर जाणार. झालं, तेवढ्यावरून दोघांची तोंडं दोन दिशांना. एकाच पंगतीत बसून जेवायचे आणि मीठ मागायचं तरी सूनबाईमार्फत. "त्याला सांग, इकडे सरकव." "त्यांना सांग, हातापाशीच आहे." सूनबाई वैतागून गेली होती. शेवटी एके दिवशी मिस्त्रीच आपण होऊन म्हणाले, "त्याला सांग, लोकांच्या बोटीवर किती दिवस राबणार. मी बांधतो त्याला एक." त्या रात्री नवरा कितीतरी वेळ नुसता छताकडे बघत पडला होता.

तर झाडता झाडता एक तुकडा तिच्या हातात आला. त्याच्या एका बाजूला अर्धगोल कापलेला होता, म्हणजे हा मागच्या पाटीचाच उरलेला पत्रा. मागची पाटी म्हणजे बोटीची पाठ. तिच्यावर मोटर टांगतात. सूनबाईने तुकडा उजेडाकडे धरला आणि झाडू खाली ठेवला.

पत्रा कारखान्यात रोलरखालून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर बारीक रेषा राहतात. पत्रा दुमडायचा तो या रेषांना आडवा. रेषांच्या दिशेनेच दुमडला तर घडीवर चिरतो, आणि वर रंग चढला की चीर कुणाच्या बापाला दिसत नाही. म्हणून शेडमध्ये पत्रा आला की पहिलं काम एकच, पेनाने त्यावर रेषांच्या दिशेचा बाण काढायचा, आणि तो सूनबाईच काढायची. या तुकड्यावर बाण नव्हता. आणि घडी पडली होती ती थेट रेषांच्या दिशेनेच.

हे कसं शक्य आहे? पाटीचं काम झालं तेव्हा ती आईच्या आजारपणासाठी माहेरी होती. पाटी मिस्त्रींनी एकट्याने कापली, एकट्याने दुमडली. आणि मिस्त्री चुकायचे? छे. तिने तुकड्यातून एक पट्टी कापली, दुमडायच्या मशीनमध्ये त्याच दिशेने घातली आणि दांडा ओढला. पट्टी निमूट वाकली. बाहेरच्या बाजूने नख फिरवलं तर अडकलं. केसाएवढी चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तिला बसवेना की उभं राहवेना. पट्टी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. सांगावं तर बोट थांबणार, आणि नवरा म्हणणार, बघितलंस, शेवटी दिलीच नाही. मग आणखी किती वर्षांचा अबोला, देव जाणे. न सांगावं तर मोटरच्या हादऱ्याने घडी उकलणार, मोटर खाली जाणार आणि मागून पाणी आत. कुठे? तर किनारा दिसेनासा झाल्यावर. दारापर्यंत जाऊन ती दोनदा परत फिरली, आणि मग स्वतःवरच चिडून पट्टी घेऊन सरळ मागच्या घरात शिरली.

मिस्त्री नवा शर्ट घालत होते, एक बटण चुकीच्या काजात. तिने पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बघितली नाही, अंगठा फिरवला आणि चिरेवर थांबवला.

"मागच्या पाटीचा?"

"हो."

ते खाटेवर बसले. "थिनरने पुसला होता मी तो. म्हटलं, पोराचा पत्रा आहे, चकचकीत असू दे. त्यात तुझा बाण गेला असणार."

"बाण गेला, पण रेषा होत्याच की, बाबा."

मिस्त्री पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले.

"मी सांगते, माझ्या हातून चुकलं म्हणून," ती म्हणाली.

"तू माहेरी होतीस."

"तुमच्या मुलाच्या कुठे लक्षात आहे."

"सूनबाई, चल तू," म्हणून ते उठले. वाटेत त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. माणूस पार खचलाय, असं तिला वाटलं, आणि ती भराभर चालायला लागली.

धक्क्याच्या उतारावर बोट पाण्यात उतरली होती. नवरा आत उभा होता, लहान पोरासारखा खूश. मोटर बसवणारा मेकॅनिक काठावरून म्हणत होता, "आता पहिला मासा मला, नाहीतर मोटर रुसेल."

"अहो, थांबा," सूनबाई म्हणाली. "पाटी चिरलेली आहे. पत्रा उलटा दुमडला गेलाय."

नवऱ्याचं हसू मावळलं. तो बघत होता बापाकडे, पण बोलला तिच्याशीच. "त्यांना सांग, द्यायची नव्हती तर बांधायची कशाला. गावासमोर तमाशा कशाला." आणि त्याने मोटरची दोरी ओढली. मोटर धडधडायला लागली.

मिस्त्री नव्या शर्टासकट गुडघाभर पाण्यात शिरले, कड चाचपून बोटीत चढले आणि मागच्या फळीवर, मोटरच्या अगदी शेजारी बसले.

"निघ," ते मुलाला म्हणाले. दोन वर्षांत थेट त्याला म्हटलेला तो पहिला शब्द.

"उतरा खाली."

"चूक माझी आहे. सुनेची नाही, कुणाची नाही. पटत नसेल तर निघ. पाटी सुटली की दोघंही जाऊ. मला पोहता येत नाही, तुला ठाऊक आहे."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने मोटर बंद केली, पाण्यात उडी मारली आणि वर हात केला. "चला. धरा."

मिस्त्रींनी हात पुढे केला, तो मुलाच्या हाताच्या बाजूने गेला. पुन्हा केला, पुन्हा हुकला. मुलाने आपला हात हळूच मागे घेतला. मिस्त्रींचा हात मात्र तिथेच, मोकळ्या हवेत, तो शोधत राहिला.

सूनबाईला एकदम आठवलं. दोन वर्षं मिस्त्री तिला म्हणत होते, आखणी तू कर, तुझी नजर चांगली आहे. आणि ती घरभर मिरवत होती.

"बाबा," मुलगा म्हणाला, "कधीपासून?"

"समोर बघितलं की मधोमध डाग येतो. कडेचं दिसतं थोडं." मिस्त्रींनी हात मांडीवर घेतला. "तुला शेडमध्ये ये म्हणालो, त्याच्याही आधीपासून."

"मग तेव्हाच सांगायचं ना. आलो असतो मी."

"आला असतास," मिस्त्री म्हणाले. "म्हणूनच नाही सांगितलं. तुला समुद्रावर जायचं होतं."

 मुलाने बापाच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना उचलून पाण्याबाहेर आणलं.