तळाची खरवड

मी निळा ड्रम बोलतोय. खरं तर ड्रमचा एक फुटका तुकडा बोलतोय. कुऱ्हाडीनं माझी खांडोळी केली, त्याला आता एक उन्हाळा होऊन गेला. केळझरच्या अलीकडे एका गावात, मारुतीच्या देवळामागे, मी विखरून पडलो आहे. दयाबिया दाखवू नका, मला सवय नाही.

माझा जन्मच मारझोडीत झाला. वितळवलं, साच्यात कोंबलं, आतून हवेचा दणका दिला, तेव्हा कुठे फुगून ड्रम झालो. पोटात पहिल्यांदा भरलं ते एका कारखान्याचं रसायन, आणि अंगावर चिकटवली कवटी आणि दोन हाडं. रसायन संपल्यावर भंगारवाल्यानं मला सेलूच्या बाजारात आणून आपटलं. तिथून वासुदेवरावांनी मला बैलगाडीत घातलं. वासुदेवराव गावातले मातब्बर शेतकरी, देवळातल्या पंगतीचा कारभार त्यांच्याच हातात.

घरी त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, विटेचे तुकडे, वाळू आणि काथ्या घेऊन मला आतून असं घासलं की साल निघाली. कवटीचं चित्रही खरवडून टाकलं. चित्र गेलं म्हणजे विष गेलं, अशी माणसांची समजूत. मग दर पंगतीच्या आधी हेच घासणं. घासलेल्याचा भुगा भांड्यातच राहतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दर मार्गशीर्षात हे गाव मारुतीला रोडगे करतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, कढईत वांग्याची भाजी शिजवायची आणि सगळ्या गावानं एका पंगतीला बसायचं. पूर्वी शिजलेली भाजी तांब्याच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, काढत. पण तो गंज उचलायला चौघं लागत, आणि कल्हईवालाही गावात येईनासा झाला. म्हणून गंज अडगळीत गेला आणि हलका म्हणून मी देवळात आलो. उकळती भाजी, वर तेलाचा लाल तवंग, सरळ माझ्या पोटात. मी आतून मऊ पडायचो. मग सराटा घेऊन, म्हणजे हातभर लांब लोखंडी उलथणं घेऊन, तळ ढवळायचे. दर फेऱ्याला माझा कीस निघायचा. मी किंचाळत होतो, त्यांना वाटायचं सराटा वाजतो आहे.

गावात एक रीत होती. पंगत उठली की तळाची खरवड गर्भार सुनेच्या पानात वाढायची. देवाचा शेवटचा घास, त्यानं पोर दणकट होतं म्हणे. आता तळाच्या खरवडीत सगळ्यात जास्त कोण असणार? मीच.

एका वर्षी ती खरवड वासुदेवरावांच्याच सुनेच्या पानात पडली. छाया तिचं नाव, पहिलटकरीण. तिनं भाजीतून निळा कीस बोटावर काढला, उजेडात धरून पाहिला आणि पान बाजूला सरकवलं.

"मले हे नाई खायचं, मामाजी. ड्रमाचा भुसा हाय याच्यात."

वासुदेवरावांनी सगळ्या गावादेखत तिच्या थोबाडीत मारली. देवाचा प्रसाद नाकारते म्हणाले. तिचा नवरा स्वप्निल मध्ये आला, तर त्याला असं ढकललं की तो चुलीच्या दगडावर जाऊन आदळला आणि त्याचं कपाळ फुटलं. लीलाबाई तोंडाला पदर लावून उभ्याच राहिल्या. वासुदेवरावांनी सुनेचा जबडा दाबून धरला आणि एक घास आत कोंबला. मी तिच्या दातांखाली आलो. एवढा तिरस्कार मी आजवर कुठल्या तोंडात चाखला नव्हता.

छाया गप्प बसली नाही. उरलेली खरवड डब्यात घालून, नवऱ्याला घेऊन ती वर्ध्याला सरकारी कचेरीत गेली. मग अन्न निरीक्षक साहेब जीपनं गावात आले. तिखटात रंग आहे का, तेलात भेसळ आहे का ते तपासायला त्यांनी बाटल्या भरल्या, वर लाखेचं सील ठोकलं. पुढे अहवाल घेऊन पुन्हा आले. अन्न शुद्ध होतं. छायानं माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा साहेबांनी मला टिचकी मारून पाहिलं. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता.

"ताई, प्लास्टिक पोटात गेल्यानं काय होतं, ते अजून कुणालाच माहीत नाही. माहीत नसलेल्या गोष्टीवर बंदी कशी घालणार?"

"माहीत नाई, तं मंग खाऊ काऊन घालू देता?"

साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

त्यानंतर सरकारला जाग आली, पण ती पातळ पिशव्यांसाठी. पिशव्यांनी नाल्या तुंबलेल्या डोळ्यांना दिसत होत्या ना! सेलूत दुकानांच्या झडत्या झाल्या, दुकानदार आणि शिपाई एकमेकांच्या गचांड्या धरून भांडले. आमच्या गावानंही हौसेनं देवळामागे पिशव्यांची होळी पेटवली आणि तो काळा धूर पोराबाळांच्या नाकातोंडात भरला. माझे भाईबंद थेंबथेंब वितळताना मी पाहिले. मला कुणी हात लावला नाही. मी जाड होतो, कायद्यात बसत नव्हतो.

पुन्हा मार्गशीर्ष आला. छायाची मुलगी रक्षा तेव्हा रांगत होती. नातीच्या जिभेला पहिली चव खरवडीची, असं वासुदेवरावांनी जाहीर केलं. नुकतीच भाजी माझ्यात ओतली होती. छायानं सरपणाजवळची कुऱ्हाड उचलली आणि माझ्या पोटात घातली. मी उभा फाटलो. उकळती भाजी भसकन बाहेर आली, तिच्याच पायांवर. तिची कातडी भाजून निघाली, तरी तिनं दुसरा घाव घातला. वासुदेवरावांनी तिचे केस धरून तिला जमिनीवर आपटलं आणि लाथ उगारली.

तेवढ्यात कढईतला तापलेला सराटा त्यांच्या मांडीवर बसला. ते कळवळून खाली पडले. सराटा लीलाबाईंच्या हातात होता.

"तिले हात नका लावू आता," त्या म्हणाल्या. "इतके वर्स मीच घासला याले. आता मीच फोडतो."

मग त्यांनी कुऱ्हाड घेतली. म्हातारीचे घाव होते, पण एकही चुकला नाही. पंगत त्या दिवशी नुसते रोडगे खाऊन उठली. तांब्याचा गंज कल्हईला वर्ध्याला गेला.

पण मला काही मरण आलं नाही. उन्हानं मी भुरभुरीत झालो, गाई-गुरांच्या खुरांखाली भरडलो, पावसाच्या पाण्याबरोबर भाजीच्या वाफ्यांत आणि विहिरीत उतरलो. रक्षा आता चालते. देवळामागे खेळते आणि निळं काही दिसलं की तोंडात घालते. छाया भाजल्या पायांनी लंगडत धावते, तिचा जबडा दाबून धरते, आत बोट घालते आणि मला ओढून काढते. सासऱ्यानं छायाचा धरला होता, तसाच घट्ट.

म्हणून सांगतो, मला घासू नका, जाळू नका, फोडून टाकून देऊ नका. वेचा मला, बोटांना सापडतो आहे तोवर. काल छायानं रक्षाच्या तोंडात कितीदा तरी बोट फिरवलं. हाताला काही लागलं नाही. तिला वाटलं, आज पोरीनं काही खाल्लं नाही, आणि तिनं लेकीचा मुका घेतला.

मी तेव्हा आत होतो.