हूरियाबरोबर काउरीच्या रानात

मावशी गेल्याला वर्ष झालं म्हणून तिच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि सोमवारी सकाळी हूरियाने माझ्या अंगावर जाकीट फेकलं. "ऊठ, पेका. रानात जाऊ."

मी ब्रिस्बेनहून घरी आले त्याला चार दिवस झाले होते. चार दिवसांत आम्ही दोघी बहिणी बोललो ते एवढंच: मीठ दे, सरक, चहा ठेवलाय. तीन वर्षांपूर्वी नेटबॉलची मॅच खेळून दोघी परत येताना गाडी मी चालवत होते. खडीच्या वळणावर चाकं सरकली आणि गाडी ओढ्यात गेली. मला चार टाके पडले. हूरिया त्यानंतर चालली नाही. ती हॉस्पिटलात असतानाच मी ऑस्ट्रेलियाला निघून गेले आणि पुन्हा कधी स्टीअरिंगला हात लावला नाही.

त्यामुळे गाडी तीच चालवत होती, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर सगळं हाताने. मी बाहेर बघत बसले. आज ती त्या अपघाताबद्दल बोलणार, याची मला खात्री होती. पण रान येईपर्यंत तिने रेडिओवरच्या गाण्यांना नावं ठेवण्यापलीकडे काही केलं नाही.

रानाच्या तोंडाशी ब्रश आणि फवारा ठेवलेला असतो. बाहेरची माती आत गेली तर काउरीच्या जुन्या झाडांच्या मुळांना रोग लागतो. बुटांसारखी हूरियाच्या व्हीलचेअरची चाकंही घासावी लागतात. मी गुडघे टेकून घासायला बसले.

"नीट घास. आऱ्यांमध्ये बघ किती चिखल आहे."

"घासतेय."

"मागचंपण. एवढी लांबून आलीस, कामाला तरी ये."

पुढे फळ्यांची वाट. खुर्ची आरामात जाईल एवढी रुंद, अर्ध्या तासात फिरून पुन्हा गाडीपाशी आणून सोडणारी. दोन्ही बाजूंना राखाडी, गुळगुळीत बुंधे सरळ वर गेलेले. चार माणसांच्या कवेतही मावणार नाहीत असे. डोक्यावरून एक गलेलठ्ठ कबूतर पंख फडफडवत गेलं. मी खुर्चीच्या मुठी घट्ट धरून चालले होते.

"पेका, तू ढकलतेयस की मागे ओढतेयस?"

"उतार आहे पुढे."

"याला उतार म्हणतात? म्हाताऱ्या वॉकर घेऊन येतात इथे. सोड हात."

"नाही सोडणार."

तिने मागे हात घालून माझ्या बोटांवर फटका मारला. बोटं सुटली आणि खुर्ची निघाली. हूरिया ओरडत, खिदळत खाली चालली होती. माझ्या कानांत खडी वाजायला लागली. डोळे मिटून मी तिच्या नावाने किंचाळले.

डोळे उघडले तेव्हा ती खालच्या बाकापाशी खुर्ची वळवून माझ्याकडे बघत होती. "दर महिन्याला करते मी हे," ती म्हणाली. "इतकी काय बोंबलतेस?"

मी कशीबशी तिच्यापर्यंत पोचले आणि फळ्यांवरच बसले. "मी जरा हळू चालवली असती ना, हूरिया…"

"गप्प बस. त्या वळणावर कोण घसरलं नाही? बाबा दोनदा गेलेत ओढ्यात, एकदा तर चर्चमधून येताना. गाडीचं मला काहीच नाही." तिचा आवाज चढला. "तू गेलीस त्याचं आहे. मी उताणी पडून दाराकडे बघायचे, आता पेका येईल. आणि आई येऊन सांगायची, पेकाने चॉकलेटं पाठवलीत. चॉकलेटं! माझे केस कोण विंचरणार होतं? वाढदिवसाला मेसेज. मेसेज, पेका! वर तीन फुगे!"

तीन वर्षं मी वेगळ्याच आरोपाची उत्तरं जुळवत होते. यावर माझ्याकडे एकच होतं. "घाबरले होते मी."

"मग मी काय मजेत होते?"

"नाही."

"लहानपणापासून भित्री आहेस."

"हो."

"स्वार्थीपण."

"हो."

ती बोलत गेली आणि मी ऐकत गेले. एकेक शब्द जिथे लागायचा तिथेच लागत होता, तरी छातीवरचं काहीतरी उतरत होतं. तिच्या तोंडी मी अजून पेकाच होते. परकी झाले असते तर तिने एवढा घसा कशाला कोरडा केला असता?

शेवटी तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली. "आता गेलीस तर सांगून जायचं. आणि दर रविवारी फोन. बोलायला काही नसलं तरी."

"करीन."

"नाक पूस. आणि ढकल आता, चढ आहे. माझे दंड भरून आलेत."

चढावर ती मला ढिली, बैल, गोगलगाय, काय काय म्हणाली. मीही तिला वजन कमी कर म्हणून सांगितलं. गाडीपाशी पोचलो तसा आईचा फोन आला. "कुठे आहात? सकाळपासून दोघींचा पत्ता नाही."

"रानात आहोत. भांडतोय," मी म्हटलं.

आईने विचारलं, "दोघी?"

"दोघी."

"मोठ्याने?"

"खूप."

ती हसली की रडली, कळलं नाही. "बरं झालं गं बाई," ती म्हणाली. "डुकराची हाडं शिजायला लावलीत, भाजी घातली की झालं. सावकाश या."

"सावकाश कशाला? भूक लागलीय!" हूरिया माझा हात खाली ओढून फोनमध्ये ओरडली, आणि मला म्हणाली, "खुर्ची घडी करून मागे टाक. चाकं आधी पूस, गधडे."