पटांगणातल्या फेऱ्या

शर्टाचं बटण हे माणसाच्या स्वाभिमानाचं शेवटचं ठाणं असतं — पांढरं, चार भोकांचं, बोटांतून मासोळीसारखं निसटणारं... कृष्णरावांना आपला हा विचार बराच खोल वाटला. तो पुन्हा एकदा मनात घोळवेपर्यंत बायकोने, सत्यवतीबाईंनी, बटण लावूनही टाकलं होतं.

"चला लवकर. मारोतभाऊ कवाचेच पोचले असतीन."

मारोतभाऊ! साऱ्या तुमसर गावात कंपवात झालेली माणसं माझ्या माहितीत दोनच, आणि त्यातला पहिला मी — निवृत्त मुख्याध्यापक. हा धानाचा अडत्या माझ्या मागून वर्षभराने आला. डॉक्टर तोच नागपूरचा, गोळ्या त्याच, हुकूमही तोच — रोज चाला, पाऊल लांब टाका, हात हलवा. ज्याचा हात कुणी न सांगता हलतो त्याला हात हलवा म्हणायचं! पण नियमाने चालून सुधारला कोण, तर मारोतराव. तसं सत्यवती म्हणते. आणि तिच्या नजरेतून उतरणं हे कृष्णरावांना आजारापेक्षा जड जात होतं.

राइस मिलच्या पटांगणात उकडलेलं धान वाळत होतं. बाया पाय ओढत ते फिरवायच्या, त्याच्या सऱ्या पडायच्या. घराच्या उंबऱ्याशी जमिनीला चिकटून बसणारं कृष्णरावांचं पाऊल त्या सऱ्या ओलांडताना मात्र सुटायचं, म्हणून मालकाने दोघांनाही कडेच्या सऱ्यांवरून अनवाणी फिरायची मुभा दिली होती.

पलीकडे मारोतराव चालले होते — ताठ, मिटलेली छत्री मांडीशी धरून. आभाळात ढग नाही आणि याला छत्री... ऐट! कृष्णरावांनी चिडून पाऊल लांब टाकलं, आणखी लांब, आणि चिडण्याच्या भरात त्यांना गाठलंच. जवळून पाहिलं तर छत्री मांडीवर टकटक वाजत होती. सारा जोर लावून दाबलेली — तरी वाजत होती.

"काय पाह्यता गुरुजी?" मारोतराव ओशाळून हसले. "हात लपवून राह्यलो. घरची रोज म्हणते, गुरुजी पाहा, कसे मोकळे चालतेत. खरं सांगू? लय जळतो मी तुमच्यावर."

"माह्यावर? काहून?"

"तुमचा हात कमी हालते न जी."

कृष्णरावांनी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. ते सुचलंही, पण आत कुठेतरी इतकं गार, इतकं गोड वाटत होतं की... माझ्यावर जळणारा माणूस आहे, तुमसरात! दुसऱ्याच क्षणी ते बेचैन झाले — याचं जळणं माझ्या जळण्यापेक्षा जुनं असलं तर? त्यातही हाच पुढे?

ते एक फेरी जास्त चालले. सबंध फेरीभर उजवा हात जोरजोरात थरथरत होता. आनंदात तो जास्तच थरथरतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.